नाव विचारलं नाहीस

वंदना,

काल तुझ्या दहाव्याला मी तुझ्या नवऱ्याचं नाक फोडलं. आपल्याच गाईडने. नर्सिंगच्या लायसन्स परीक्षेचं ते जाडजूड पुस्तक, ज्याचं कव्हर तू सलाइनच्या चिकटपट्टीने दोनदा डकवलं होतंस. पानापानावर तुझं अक्षर आहे म्हणून ते तुझ्या बाबांना द्यायला पिशवीत घालून आणलं होतं. पण पाताळगंगेच्या काठी डोकं भादरून बसलेला सुहास चार माणसांना सांगत होता, "बाथरूममधी पाय सरकला तिचा. बादलीवर पडली बिचारी." त्या 'बिचारी'वर माझा हात पिशवीत गेला. पहिला फटका कानावर बसला, दुसरा नाकावर.

रक्त भळाभळा आलं. त्याने मान मागे टाकली आणि माझ्या तोंडून काय निघालं माहीत आहे? "मान पुढे घ्या, मागे नाही! नाक चिमटीत धरा!" अहोजाहो करून, वंदे. ज्याचा गळा दाबावासा वाटत होता त्याला मी प्रथमोपचार सांगत होते. तू असतीस तर पोट धरून हसली असतीस, आणि वर एक मार्क कापला असतास. पेशंटचं नाव विचारलं नाही म्हणून.

तेवढ्यात दोघांनी मला धरून मागे ओढलं. तुझे बाबा काठी टेकत आले नि म्हणाले, "बाय, आता मारून काय व्हनार हाय? गेली ती." मी त्यांच्यावरही ओरडले. दोनदा तू शेलूला माहेरी आली होतीस आणि दोन्ही वेळा त्यांनीच तुला रिक्षात बसवून साजगावला परत पाठवलं होतं, हे मी सगळ्या भावकीसमोर बोलले. पिंडाला कावळा शिवायचा होता, तो माझ्या आरडाओरड्याने उडून गेला. त्याबद्दल तुझी माफी मागते. बाकी कशाबद्दल नाही.

म्हणजे कालच्यापुरतं तरी नाही. ज्या गोष्टीची माफी मागायची आहे ती वेगळी आहे, आणि तीच लिहायला बसले आहे.

आपण एवढी धडपड कशासाठी करत होतो? आखातातल्या नोकरीसाठी. कर्जत-खोपोली रस्त्यावरच्या त्या वीस खाटांच्या हॉस्पिटलात आठ-आठ वर्षं बेडपॅन उचलून आपल्या कमरा गेल्या होत्या. तिकडची लायसन्स परीक्षा पास झालो की दोघी एकदमच जाणार होतो. मला पगार हवा होता. तुला सुहासपासून हजारो मैलांचं अंतर हवं होतं. हे तू असं कधी बोलली नाहीस. गाईड घेतलं त्या दिवशी शेवटच्या पानावर मात्र तू समुद्र काढलास, अलीकडे एक बाई आणि पलीकडे एक बाई, आणि अलीकडच्या बाईवर काट मारलीस.

मोठी अडचण होती ती गाईडची. त्यातला पेशंट इंग्रजीत विव्हळतो. आपण वाचायचो, चार पर्यायांतला एक निवडायचो आणि दुसऱ्या दिवशी सगळं विसरायचो. मग तूच तो खेळ काढलास. तू पेशंट, मी सिस्टर. पेशंटने आपल्याकडच्या माणसासारखं बोलायचं, सिस्टरने ओळखायचं काय झालंय आणि आधी काय करायचं. ड्यूटी दोनला सुटली की चादरींच्या खोलीत बसून एकेक धडा घ्यायचा. सुट्टीच्या दिवशी फोनवर. आणि प्रत्येक राउंड मोबाईलमध्ये रेकॉर्ड करायचा, टमटममधून घरी जाताना ऐकायला. बैलाने ढुशी दिलेला म्हातारा, साप चावलेली कातकरीण, साखर उतरून घामाघूम झालेला ड्रायव्हर, सगळे तू व्हायचीस. तुझा म्हातारा इतका खरा कण्हायचा की एकदा इन्चार्ज सिस्टर धावत आल्या होत्या.

मार्क द्यायला तू खाष्ट सासू होतीस. मी सगळं उत्तर धडाधडा बोलून टाकायचे आणि तू म्हणायचीस, "चूक. नाव विचारलं नाहीस." पूर्ण नाव आणि जन्मतारीख, दोन्ही पेशंटच्या तोंडून, नातेवाइकांच्या नाही. मगच पुढचं. मला ते कधी जमलं नाही. साजगावच्या कारखान्यातून तो प्रेस मशीनमध्ये हात सापडलेला माणूस आला होता ना, त्या दिवशी तर मी तुझ्याशी भांडलेच.

"हात नुसत्या कातड्यावर लोंबतोय वंदे, नि मी जन्मतारीख विचारत बसू?"

"बसू नको. जखम दाबून धर नि विचार. तोंड तर मोकळं हाय ना तुजं? एकाच नावाचे दोघं निघाले नि ह्याचं रक्त त्याला चढलं, मग?"

"इथे कुठे दोघं होते?"

"नाव नाय विचारलं तर तू हाताकडं बघतेस दिपे. मानसाकडं नाय."

तो माणूस पनवेलला नेताना वाटेतच गेला. संध्याकाळी त्याच्या गावची पंचवीस-तीस माणसं आली. रिसेप्शनची काच फुटली, डॉक्टर मागच्या दाराने पळाले, मी औषधांच्या कपाटामागे दडलेली. तू सलाइनचा लोखंडी स्टँड दोन्ही हातांत आडवा धरून जनरल वॉर्डच्या दारात उभी राहिलीस. एकाने तुझ्या अंगावर खुर्ची फेकली. ती तू स्टँडवर झेललीस आणि ओरडलीस, "आत बाळंतीन हाय! एक पाय पुढं टाकला तर तंगडी मोडीन!" तुझ्या डोळ्यांत मला तेव्हा भीती दिसली नाही. ती माणसं खरोखर मागे सरली.

दुसऱ्या दिवशी तुझा ओठ फाटलेला होता. मी म्हटलं, त्या खुर्चीने लागलं असेल. तू म्हणालीस, खुर्चीने कुठे, खुर्ची तर मी अडवली. एवढंच म्हणालीस आणि इंजेक्शनचा ट्रे भरायला लागलीस. तीस माणसांपुढे उभी राहणारी बाई घरी गेल्यावर एका माणसाचा मार खाते, हे मला समजत नव्हतं आणि अजूनही समजत नाही. मला तुझा राग यायचा. आताही येतोय.

चादरींच्या खोलीत मी तुला म्हटलं, "मी जाते पोलीस स्टेशनला. तू नको येऊस, मीच लिहून देते." आणि तू मला खाडकन कानाखाली मारलीस. चांगली कान सुन्न होईपर्यंत. मग माझा तोच गाल दोन्ही हातांत धरून म्हणालीस, "परीक्षा होऊ दे. मी पळून नाय जानार दिपे. मी तिकीट काढून जानार." आपण दोघी तिथेच धुतलेल्या चादरींवर बसून रडलो, आणि रडता रडता तू दंड उघडा करून त्यावरचं साकळलेलं रक्त दाखवलंस. "हा बघ ताजा हेमॅटोमा. रंगावरून सांग किती दिवसांचा?" मी सांगितलं, तीन. तू मार्क दिलास. तेव्हापासून तुझ्या अंगावरची प्रत्येक खूण आपल्या अभ्यासात यायला लागली. काळानिळा डोळा आला की डोक्याच्या इजेचा धडा, मनगट सुजलं की हाड मोडल्याचा. तू हसत शिकवायचीस आणि मीही हसत शिकायचे. या हसण्याची मला आता किळस येते.

आता त्या रविवारचं.

परीक्षा चार दिवसांवर आली होती. तुझी सुट्टी होती, माझीही. मी दहिवलीला घराच्या गच्चीवर तांदळाला ऊन दाखवत होते. चार वाजता तुझा फोन आला. "पोटाच्या इजा राहिल्यात. चल, एक राउंड घेऊ." आवाज बारीक होता, पण तू सुहास घरी असला की बारीकच बोलायचीस. मी फोन स्पीकरवर टाकला, रेकॉर्डिंग चालू केलं आणि तांदळात हात घालून बसले. तो राउंड मी गेल्या दहा दिवसांत किती वेळा ऐकला ते सांगत नाही. आता तो मला तोंडपाठ आहे.

"बाय, प्वाट दुकतंय. डाव्या अंगाला, फासळ्यांच्या खाली."

"कधीपासून?"

"बारा वाजल्यापासून."

"काही लागलं का?"

"नवऱ्यानं लाथ मारली. त्याला कागूद गावला माजा, त्याच्यापायी..."

"स्टोरी नको गं, लक्षणं सांग."

इथे मी तुला थांबवलं. हे माझं वाक्य रेकॉर्डिंगमध्ये स्वच्छ ऐकू येतं. तू म्हणालीस, "बरं."

"आणखी कुठे दुखतं?"

"खांदा. डावा खांदा. खांद्याला तर काय बी लागलं नाय. आडवं झालं का लय दुकतो."

मला काय आनंद झाला वंदे! पोटाला मार आणि दुखतो खांदा, हे तर गाईडमध्ये चौकटीत छापलेलं आहे. आतमध्ये स्प्लीन, म्हणजे प्लीहा, फाटते, रक्त वर छातीखालच्या पडद्याला लागतं आणि कळ खांद्यात निघते. मला उत्तर सापडलं होतं. मी तांदूळ सोडून उठून उभी राहिले.

"तहान लागते?"

"लय. तोंड सुकलंय."

"नाडी किती?"

आणि इथे तू गप्प झालीस. इतर कुठल्याही राउंडमध्ये मी नाडी विचारली की तू मनाने आकडा ठोकायचीस, शंभर म्हण, एकशे वीस म्हण. त्या दिवशी मागे भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येते आणि बाकी काही नाही. मीच मध्ये बोलते, "हॅलो? झोपलीस का?" तू म्हणतेस, "थांब ना. मोजते." अर्धं मिनिट. मग, "एकशे चोवीस."

अर्धं मिनिट मोजून दुप्पट केलीस, आपल्याला शिकवलं तसं. बोटं स्वतःच्याच मनगटावर ठेवून. आणि मी म्हटलं, "काय ॲक्टिंग करतेस!"

मग मी उत्तर दिलं. असं उत्तर मी जन्मात दिलं नव्हतं. स्प्लीन फाटली आहे, आत रक्तस्राव. पेशंटला सपाट झोपवायचं, हलू द्यायचं नाही. तोंडाने काही नाही, पाणीसुद्धा नाही. दोन्ही हातांना जाड सुया, रक्त गट तपासायला, सर्जनला ताबडतोब फोन. पोट पुन्हा पुन्हा दाबून बघायचं नाही. बीपी चांगलं आहे म्हणून फसायचं नाही, आधी नाडी वाढते, बीपी मागाहून पडतं. "एक मिनिट दवडायचं नाही," असं मी गच्चीवर उभी राहून ठणकावून सांगितलं. शेजारच्या गच्चीवरची काकू माझ्याकडे बघायला लागली.

तू म्हणालीस, "नाव विचारलं नाहीस."

"असू दे गं! जीव वाचला ना पेशंटचा?"

तू हसलीस. हसता हसता "आई गं" म्हणालीस. मग म्हणालीस, "मार्क कापला," आणि फोन बंद झाला. मी पुन्हा तांदूळ परतायला लागले.

सात वाजता इन्चार्ज सिस्टरचा फोन आला. तू बाथरूममध्ये पडलेली सापडलीस म्हणून सुहासने तुला आपल्याच हॉस्पिटलात आणलं होतं. बीपी लागत नव्हतं. त्यांनी तुला ॲम्ब्युलन्समध्ये घालून पुढे पाठवलं आणि हायवेला लागायच्या आत तू गेलीस. शवविच्छेदनात स्प्लीनचे दोन तुकडे, पोटभर रक्त, दोन बरगड्या ताज्या मोडलेल्या आणि तीन जुन्या, मोडून आपोआप जुळलेल्या. त्या तीन मला माहीत होत्या. एकीवर तर आपण धडा घेतला होता. पोलिसांनी कागदावर अकस्मात मृत्यू लिहिला, कारण नवरा बादली म्हणाला, सासू बादली म्हणाली, आणि तुझ्या बाबांनी मान खाली घातली.

आणि मी? माझ्याकडे तुझा आवाज होता. 'नवऱ्यानं लाथ मारली' असं स्वच्छ सांगणारा. आणि मी दहा दिवस तो कुणाला दिला नाही. ही आहे ती माफी.

कारण सांगू? भीती. त्या रेकॉर्डिंगमध्ये फक्त सुहास नाही, मीही आहे. नोंदणी असलेली नर्स, आठ वर्षांचा अनुभव, समोरची बाई मरते आहे आणि ही शाबासकीची वाट बघते आहे. हे बाहेर पडलं तर माझी नोंदणी राहील का, परीक्षेला बसू देतील का, उद्या कोण मला पेशंटला हात लावू देईल? दहा दिवस मी हाच हिशोब केला. परीक्षेचा गुरुवारही येऊन गेला. मी गेले नाही. वाशीच्या त्या सेंटरवर आपल्या दोन खुर्च्या रिकाम्या राहिल्या असतील.

तुझ्याशीही मी भांडत होते. तुला कळलं होतं. नाडी मोजणाऱ्या बाईला कळलेलं असतं. मग सरळ का नाही म्हणालीस, दिपे, मला घेऊन जा? तो दारात बसला होता का? चार दिवसांवर परीक्षा होती म्हणून भरती व्हायचं नव्हतं का? की तुला वाटलं, मी ओळखीन, मी तरी ओळखीन? रात्रंदिवस विचारते आहे. तू पेशंट झालीस की सगळं बोलू शकायचीस, आणि वंदना असलीस की ओठ शिवून घ्यायचीस. हे मला माहीत होतं गं. म्हणून तर जास्त जळतंय.

काल नदीवर ते 'बिचारी' ऐकलं आणि माझं सगळं गणित संपलं. पुस्तकाला त्याचं रक्त लागलेलं तसंच घेऊन मी खालापूरला पोलीस स्टेशनला निघाले. तुझे बाबा मागून रिक्षात येऊन बसले. मी त्यांना उतरायला सांगितलं, ते उतरले नाहीत. वाटेत मी त्यांना तो राउंड ऐकवला. दुष्टपणाने ऐकवला, खोटं कशाला बोलू. त्यांनी शेवटपर्यंत ऐकला आणि म्हणाले, "ही आमच्या वंदीच्या आजीवानी बोलते." मग रिक्षाच्या लोखंडी दांडीवर कपाळ आपटायला लागले. मला त्यांचं डोकं माझ्या हाताने धरून ठेवावं लागलं.

पोलीस ठाण्यात एक मॅडम होत्या. तुझ्यामाझ्याच वयाच्या. त्यांनी दोनदा ऐकलं आणि म्हणाल्या, "ताई, हे तर तुमचं परीक्षेचं नाटक आहे. त्याचा वकील हेच म्हणणार."

मी त्यांना मागचे सहा राउंड लावून दाखवले. प्रत्येकात नाडी विचारल्यावर लगेच आकडा येतो. मग त्या रविवारचा लावला आणि म्हटलं, घड्याळ बघा. अर्धं मिनिट त्या आपल्या मनगटाकडे बघत राहिल्या. टिकटिक ऐकू येत होती. ते संपल्यावर त्यांनी कोरा कागद ओढला.

"तुमची चूकही यात लिहावी लागेल," त्या म्हणाल्या.

"लिहा. मी नर्स आहे, लक्षणं ऐकली आणि ओळखलं नाही, असंच लिहा."

नोंदणी जाते की राहते ते माहीत नाही. आज कुणी काही म्हटलेलं नाही. सुहासला संध्याकाळी नाकाला बोळा असतानाच उचलला, एवढं कळलं आहे. माझ्या नावानेही मारहाणीची तक्रार लिहून घेतली. ती खरी आहे.

पण मला तुला शेवटचं सांगायचं आहे ते वेगळंच. मॅडमनी पेन उघडलं आणि विचारलं, "रेकॉर्डिंगमधली ही पेशंट, हिचं नाव?" अकस्मात मृत्यूच्या आधीच्या कागदावर तुझ्या नावापुढे सुहासचं नाव लागलेलं होतं. मी गाईड उघडलं. मधल्या पानांत तुझ्या परीक्षेच्या प्रवेशपत्राची दुसरी प्रत होती. त्या रविवारी सुहासला गावलेला 'कागूद' म्हणजे पहिली. नोंदणी माहेरच्या नावाने आहे, बदलायला कुठे हेलपाटे घालू, म्हणायचीस तू.

"वंदना काशिनाथ ठोंबरे," मी म्हटलं.

"आणि नवऱ्याचं नाव?"

"ते आरोपीच्या जागी लिहा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग लिहिलं. मी पुन्हा एकदा सावकाश सांगितलं, पूर्ण नाव आणि जन्मतारीख. दोन्ही बरोबर सांगितली, वंदे. फक्त पेशंटच्या तोंडून नाही.